नोटिशीवरच्या दहा रेघा

घरापासून शंभर फुटांच्या आत नऊ घरं, दोन मोकळे भूखंड आणि एक शिंप्याचं दुकान होतं. म्हणजे बारा मालक. गच्चीवर बारा बाय दहाची खोली बांधायची, तर या बाराही जणांना नोटीस देऊन प्रत्येकाची सही आणायची, असा नियम होता.

खोली हवी होती मोजपट्टीला. घरात तिला याच नावाने हाक मारत. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, आणि तिच्या खाटेपासून तीन फुटांवर आत्या पहाटे पाचला रेडिओ लावत असे.

"आठवड्यात परवानगी आणते," तिने बाबांना सांगितलं.

"अर्ज नगरपालिकेच्या कारकुनाकडून लिहून घे," बाबा म्हणाले.

"तो काय लिहिणार? त्याच्या नमुन्यात हरकतीला जागासुद्धा नाही."

म्हणून तिने नोटीस स्वतः तयार केली आणि खाली 'हरकत असल्यास' असं लिहून दहा रेघा आखल्या. क्रमांकासह. माहिती कशी पूर्ण हवी.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. आयुष्यात कधी कोणी मत न विचारलेल्या माणसांसमोर दहा कोऱ्या रेघा आल्या होत्या.

शिंप्याने लिहिलं, दुकानावर सावली पडेल, दोरा ओवताना दिसणार नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, खिडकीतून पेशंटचे आ वासलेले जबडे दिसतील. निवृत्त हेडमास्तरांनी दहाही रेघा भरल्या. नववी हरकत मोजपट्टीच्या अक्षरावर होती.

"आणि ही दहावी? 'हरकत नाही' असं लिहिलंय तुम्ही."

"जागा कोरी सोडली की गुण जातात," हेडमास्तर म्हणाले.

कारकुनाने गठ्ठा चाळला आणि चष्मा कपाळावर चढवला. "बाई, नमुन्यात फक्त सही होती. या रेघा कोणी मारल्या?"

"मी."

"मग आता निस्तरा. एकेकाची समजूत काढून लेखी आणा."

मोजपट्टी दारोदार फिरली. सावलीसाठी दोन फूट गेले, जबड्यांसाठी दोन. हेडमास्तर घासाघीस करत तीन फुटांवर आले. उरलेल्यांनी अर्धी-अर्धी वीत कापली. शेवटी खोली राहिली आठ बाय साडेतीन.

"आडवं होता येतंय ना? बास," ती बाबांना म्हणाली आणि बारा सह्या घेऊन कार्यालयात गेली.

कारकुनाने मालकीचा उतारा पाहिला. "घर दोघांच्या नावावर आहे. तुमची आत्या अर्धी मालकीण. त्यांची सही?"

मोजपट्टीने मोजायला सुरुवात केली होती ती घराच्या भिंतीबाहेरून.

आत्या रेडिओची धूळ पुसत होती. "त्या शिंप्याला नोटीस, दातवालीला नोटीस. आणि मी तीन फुटांवर झोपते, ती कोणाच्या खिजगणतीत नाही."

"चुकलंच, आत्या. ही घे तुझी नोटीस."

आत्याने चष्मा लावला आणि दहाही रेघा सावकाश वाचल्या, जरी त्या कोऱ्या होत्या. मग पहिल्या रेघेवर लिहिलं, 'माझी अर्धी गच्ची मोकळी राहावी.'

"अगं, पण खोली बरोब्बर मध्यावर आहे."

"मग माझ्या बाजूची काप. तू वर गेलीस तर सकाळच्या बातम्या मी कोणाला ऐकवू?"

महिन्याभराने नकाशा मंजूर होऊन आला. खोली चार फूट बाय साडेतीन फूट. मोजपट्टीची उंची पाच फूट चार इंच.