‘कल्ला’ बँडचे मिलिंददादा

मिलिंददादांच्या काळ्या शर्टावर सेफ्टी पिना इतक्या, की ढग गडगडले की आम्ही त्यांच्यापासून लांब उभे राहायचो. विलायतेतले बंडखोर गाणारे अशाच पिना लावतात, हे त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. बंडाचा पोशाख होता तो. आता लग्नात आम्ही स्टेजवर चढलो, की पहिल्या गाण्याआधीच नवरीची मावशी येते. "ओ दादा, एक पिन द्या नं, पदर सुटून राह्यला." मागोमाग आत्या, मग करवल्या. दादा मुकाट्याने एकेक काढून देतात. जेवणं उठेपर्यंत शर्ट बोडका होतो आणि सगळं बंड बायकांच्या खांद्यांवर बसून मांडवभर हिंडत असतं.

दादा महाराष्ट्राच्या हद्दीला लागूनच, पण पलीकडे असलेल्या वांकिडीत सरकारी कारकून. दिवसभर "हाव सायेब, झालंच सायेब." ही सगळी मान डोलावणी संध्याकाळी गळ्यातून बाहेर पडायची. आमचा चौघांचा ‘कल्ला’ बँड त्यांनीच काढला. गाणं दीड मिनिटाचं, सूर जेमतेम तीन, विषय खड्डे, रेशन नाहीतर गुल झालेला करंट. दादा इलेक्ट्रिक गिटार बडवत, पण गात नसत, ओरडत. नदीकाठच्या बेज्जूरला त्यांनी पहिली आरोळी ठोकली तेव्हा म्हशींचा अख्खा कळप प्राणहिता नदीत उतरला, पलीकडे महाराष्ट्रात गेला आणि तिथेच स्थायिक झाला. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

पण म्हशी सोडल्या तर कुणाच्या आयुष्यात आम्ही काही फरक पाडला नाही. बोलावणंच येईना. मग आमच्यातल्या रमेशने ड्रमऐवजी ऑक्टोपॅड आणला, मी की-बोर्डवर धुमचिक धुमचिक धरलं, सुनील गोड गळ्याने गाऊ लागला आणि लग्नांची रांग लागली. दादांचं ‘लाईट कुठं हाय’ हे, घटकेघटकेला जाणाऱ्या विजेला शिव्या देणारं गाणंही सुनीलने नाचाच्या ठेक्यावर बसवलं. आता "लाईट कुठं हाय?" म्हटलं, की सगळं वऱ्हाड नवरीकडे बोट दाखवून उड्या मारतं. एका लग्नात चारचारदा तेच. माझी बोटं झोपेतही धुमचिक वाजवतात, अशी बायकोची तक्रार आहे.

या ठेक्यात गिटारीला काही कामच नव्हतं. दादा मात्र मागे उभे राहून, मान खाली घालून, घामाने निथळत वाजवायचे. ऑक्टोपॅडच्या दणक्यात ऐकू येणार काय, कपाळ! शेवटी हंगामाच्या अखेरच्या लग्नात आम्ही तिघांनी ठरवलं, दादांना आता पुरे म्हणायचं. सांगणार कोण? मी.

"मीच काऊन? तू सांग," मी सुनीलला म्हणालो.

"मले त्याहीनंच गानं शिकवलं नं, बाप्पा!"

रमेश तर आधीच गाडीत जाऊन बसला होता.

मांडवामागे दादा गिटार खोळीत घालत होते. ऊन असं, की सावलीसुद्धा सावली शोधत होती.

"दादा, पुढच्या सीझनले... म्हंजे, आता समदं नाचाचंच..."

"गिटार नोको. असंच नं?"

मी चपलेने माती उकरू लागलो.

"मी तं दिवाळीपासून वायर लावूनच नाई राह्यलो, गड्या. तुमचं गानं बिघडू नाई म्हून."

सबंध हंगाम हा माणूस मुकी गिटार वाजवत होता आणि आम्हा तीन महान कलावंतांना पत्ता नाही!

"मंग येता काऊन दादा? या उन्हात?"

त्यांनी खोळीची चेन सावकाश ओढली. "पोरगी हैदराबादले. घरी बोलाले कोनी नाई. जाता-येता तुमी तिघं गाडीत भांडता. बरं वाटते."

मी गिटार उचलली आणि गाडीत ठेवली. सुनीलने भुवया उडवल्या. सांगितलं?

"सांगतलं," मी म्हणालो. "दादा पुढच्या सीझनलेबी आपल्यासंगच हाय."

सुनीलने सरकून जागा केली. दादा मधल्या सीटवर बसले. गाडी निघाली, गाव मागे पडलं, तरी सगळे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसलेले. मग दादांनीच आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काऊन रे, आज कोनीच भांडून नाई राह्यलं?"