कंपन जाणवले

सुरतेतल्या आमच्या श्रीरंगनगर आरोग्य केंद्रात मागच्या महिन्यात वेदना बंद करण्यात आल्या. तसा फलकच दारावर लावलेला आहे. सुई टोचण्याआधी दंडावर एक छोटं थरथरणारं यंत्र दाबून धरतात. कातडी थरथरत असली की सुईची कळ मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, असं शास्त्र आहे. शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही. खात्याने त्याला फक्त एक नियम जोडला: कंपन जाणवल्याचा अंगठा मशीनवर उमटवल्याशिवाय लशींच्या फ्रिजचं कुलूप उघडणार नाही.

मी चंद्रकांत वाणी, बँकेतून निवृत्त. त्या दिवशी जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे सुकलाल होता. धुळ्याकडचा माणूस, सगळी हयात भेस्तानच्या यंत्रमागांवर गेलेली. पाळी संपवून घरी येताना त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं. रेबीजची लस आजच टोचायला हवी, उशीर जिवावर बेतेल, असं अर्चना सिस्टर पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

त्यांनी यंत्र त्याच्या दंडाला लावलं. "जाणवतंय ना, काका?"

"नई, ताई. काहीच नई."

दंड बदलला. मग मानेला लावून पाहिलं. यंत्र बिचारं जीव तोडून थरथरत होतं.

"अहो, हालतंय की चांगलं!"

"कारखानामा बठ्ठं हालस, ताई. भिंती हालतस, दात हालतस. आठे आंगवर काय हालस?"

"'हां' सांगी द्या ना!" त्याची बायको सुमन कळवळून म्हणाली.

"खोटा अंगठा कसा देऊ?"

रांगेला त्याच्या खरेपणाचा भयंकर कंटाळा आला. खोटं कशाला बोला, मलाही आला.

डॉक्टर हर्षल आतून आले. त्यांनी यंत्र स्वतःच्या गालाला लावलं, क्षणभर सुखाने डोळे मिटले आणि नोंद केली: 'यंत्र चालू. रुग्ण बंद.'

"साहेब, यंत्र राहू द्या," सुमन म्हणाली. "तशीच टोचा ना सुई. दुखलं तर दुखलं."

"असं कसं? या केंद्रात दुखत नाही, असं आम्ही वर कळवून बसलोय." डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "यांना दोन महिने मागांपासून लांब ठेवा. संवेदना परत आली की घेऊन या."

"आणि कुत्रं चावलंय ते?"

"कुत्रे दुसऱ्या खात्याकडे येतात."

सुमन तिथेच खाली बसून रडायला लागली. मला फार वाईट वाटलं, कारण आता रांग अजिबातच हलणार नव्हती. अखेर डॉक्टरांनी वरच्या साहेबांना फोन लावला. तिकडून आवाज आला, "अरे भाई, कोईने तो लागवुं जोईए ने!" म्हणजे कोणाला तरी जाणवलं की झालं. कोणाला, हे नियमात लिहिलेलंच नव्हतं.

मग यंत्र सुमनच्या दंडाला लागलं. तिच्या खोलीची एक भिंत कारखान्याची. तिला काही कळेना. रांगेतला एकेक जण पुढे आला आणि मान हलवत मागे गेला. सगळे मागांवरचे किंवा मागांच्या शेजारचे. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात उभ्या जन्मात पेनापेक्षा जड काही आलेलं नाही.

मी खुर्चीत बसलो. यंत्र लागलं. अंगभर गोड गुदगुल्या झाल्या. मी अंगठा दिला, फ्रिज उघडला आणि सिस्टरांनी सुकलालच्या दंडात सुई खुपसली.

"आय वं!" सुकलाल ओरडला.

"दुखलं का?" सिस्टरांनी मला विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हणालो. आणि ते अगदी खरं होतं. वेदनेच्या रकान्यात शून्य पडलं.

तेव्हापासून मी केंद्राचा मानद संवेदक आहे. पंख्याखाली खुर्ची आहे, चहा वेळेवर येतो. गोडादरा, नवागामची माणसं येतात, त्यांची पोरं किंचाळतात, आणि मला काही होत नाही. वेदनामुक्तीत आमचं केंद्र पहिलं आलं. सत्काराची शाल मीच स्वीकारली.

आता मात्र अडचण आहे. मुलीकडे बडोद्याला जायचंय आणि सुकलालचे पुढचे डोस बाकी आहेत. माझ्या जागी कोणीतरी हवं. शिक्षणाची अट नाही. सुकलाल ओरडला तेव्हा तुम्हाला हसू आलं ना? मग उद्या सकाळी येऊन बसा.