भोयर सरांचा शनिवार

सिंदी मेघेच्या त्या शाळेत शनिवारची सकाळ भोयर सरांची, हे बावीस वर्षांत कोणी कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी मोडलंही नव्हतं. शिट्टी वाजली की दोनशे पोरं मैदानावर. आधी कवायत, मग कबड्डी. आणि आता? विज्ञानाच्या मोहिनी मॅडम पाच दिवसांचं प्रशिक्षण काय करून आल्या, त्यांनी 'मनःस्वास्थ्य तास' सुरू केला आणि मुख्याध्यापिका सुमित्राबाईंनी तो नेमका शनिवारीच टाकला. पोरं सभागृहात सतरंज्यांवर आडवी, त्यांच्या मागे शिक्षक आडवे. मैदानावर फक्त शेळ्या.

लक्ष्मणराव भोयर जळले. साधे नाही, पार करपले.

"झोपवणं म्हणजे शिकवणं काय वं?" ते बायकोला म्हणाले. "पोरायले उठवण्यात माहे बावीस वर्षं गेले, अन् हे बाई पाच दिवसांत झोपवून राह्यली!"

"मंग तुमी काऊन नाई झोपत?" जयाबाईंनी विचारलं. "आठ दिवसांपासून पाहून राह्यली मी, या कुशीवरून त्या कुशीवर. मॅडमचं नाव घेतल्याबिगर घास उतरत नाई तुमच्या गळ्याखाली."

येत्या शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब तास बघायला येणार होते. सुमित्राबाईंनी स्टाफरूममध्ये सरळ सांगून टाकलं, की साहेबांना आवडला तर शनिवार कायमचा या तासाचा. नाही आवडला तर मैदान पुन्हा भोयर सरांचं. बस्स, सरांचा बेत ठरला. मागच्या रांगेत आडवं व्हायचं, डोळे टक्क उघडे ठेवायचे, किती पोरं चुळबुळतात ते मोजायचं आणि तिथल्या तिथे साहेबांच्या कानावर घालायचं. मॅडमनी सगळ्यांना उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. म्हणून सर मुद्दाम चौकात थांबले आणि दोन प्लेट तर्री-पोहे हाणून आले.

साहेब खुर्चीवर बसले. पंखे फिरत होते.

"डोळे मिटा. अंग सैल सोडा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

'म्हणे सैल सोडा!' सर मनात पुटपुटले. त्यांनी चुळबुळणारी तीन पोरं मोजली. चौथं सापडायच्या आत स्वतःच घोरायला लागले.

आणि घोरणं तरी कसं! घाटात लागलेल्या एसटीसारखं. पोरी खुसुखुसु हसू लागल्या. मॅडमचा चेहरा पडला. पण बाई हुशार.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "या आवाजाबरोबर श्वास आत घ्या. आवाज थांबला की सोडा."

सरांचं घुर्रर्र झालं की दोनशे छात्या फुगत, फूस्स झालं की खाली बसत. मध्येच सरांचा श्वास कुठंतरी अडकला, तर अख्खं सभागृह तिथंच थांबलं. पहिलीच्या बाई तर काळजीने उठून बसल्या. घोरणं पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. दहा मिनिटांत साहेबांची हनुवटीही छातीला टेकली.

घंटेने सगळे जागे झाले. सर धडपडत उठले. गेला शनिवार! साहेब डोळे पुसत, मॅडमना ओलांडून, थेट त्यांच्याकडे येत होते.

"वा, सर, वा!" साहेबांनी त्यांचा हात धरला. "भाषण कोणीही देतं हो. तुम्ही स्वतः करून दाखवलंत!"

मग फोटो झाला. साहेब आणि सर हसत उभे राहिले. मोबाइल मॅडमच्या हातात होता.

बुधवारी पत्र आलं. शनिवारचा तास यापुढे श्री. भोयर यांनीच घ्यावा.  सुमित्राबाईंसमोर मॅडमचा बांध फुटला.

"कोर्स माहा, मेहनत माही, अन् फोटो भोयर सरायचा! तसं मले काई वाटलं नाई म्हना," असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला.

कपाटामागे उभे राहून सरांनी हे ऐकलं आणि त्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! अरे बाप्पा, आपल्यावरही कोणी जळतं!

"मैदान खालीच पडून आहे," सुमित्राबाई मॅडमना म्हणाल्या. "आठवी ते दहावी तुमी घ्या खेळाले. लहान पोरं सरांपाशी."

पुढच्या शनिवारी सर ऐटीत सतरंजीवर आडवे झाले. डोळे मिटले. तेवढ्यात खिडकीतून कबड्डीचा गलका आला. मॅडम पदर खोचून स्वतः चढाईला गेल्या होत्या आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "मॅडम! मॅडम!" बावीस वर्षांत सरांच्या नावाने अशी आरोळी एकदाही उठली नव्हती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले, कूस बदलली, परत बदलली. झोप कसली येते!

सहावीतली इला सरपटत जवळ आली आणि तिने त्यांचा दंड हलवला.

"सर, घोरा ना जी लवकर. आमी श्वास कवा घेऊ?"