भिंत अजून उभी कशी

घड्याळजींच्या घराची पश्चिमेकडची भिंत ठणठणीत असल्याचे वार्षिक तपासणीत आढळून आले आणि घरात चिंतेचे वातावरण पसरले.

घर तिसऱ्या मजल्यावर, पण मातीचे. गृहनिर्माण मंडळाच्या नव्या योजनेतली ही पहिलीच इमारत. माती, पेंढा, बांबू आणि चुना यांखेरीज तिच्यात काहीही नव्हते. सिमेंटच्या घराचा राडारोडा पिढ्यान्‌पिढ्या पडून राहतो. हे घर मात्र काम संपले की निमूटपणे मातीत परत जाईल, असे योजनेचे तत्त्व होते. तत्त्व चांगले होते. मंडळाने ते फक्त मनावर घेतले, आणि घर खरोखर परत निघाले आहे की नाही हे पाहण्यासाठी एक निरीक्षकबाई नेमल्या.

बाईंनी भिंतीवर टकटक केले, कान लावला. ‘‘केव्हापासून अशी आहे?’’

‘‘पहिल्यापासून,’’ घड्याळजी म्हणाले.

‘‘भेग? पोपडा? ओल?’’

‘‘मागच्या पावसात एक भेग आली होती. माती-पेंढा मळून लिंपून टाकली.’’

बाईंनी पेनाला टोपण लावले. ‘‘म्हणजे तुम्ही दुरुस्ती केलीत.’’

घड्याळजींचा जन्म बंद पडलेली घड्याळे चालू करण्यात गेला होता. बिघडलेले काही दिसले की त्यांचे हात शिवशिवत. शिवाय त्या भिंतीला लागूनच त्यांच्या आईची खाट होती. म्हातारीला दमा. घरात खडखडीत कोरडा असा तेवढाच कोपरा.

‘‘आईसाठी केली हो.’’

‘‘भावना पोचल्या. पण दुरुस्ती म्हणजे विघटनात अडथळा. मग तुमच्यात आणि सिमेंटवाल्यांत फरक काय राहिला? पुढच्या तपासणीत समाधानकारक ऱ्हास दिसला नाही, तर घराचा ताबा परत घ्यावा लागेल.’’ दारात चप्पल घालता घालता बाईंचा आवाज मऊ झाला. ‘‘घाबरू नका. नीट दुर्लक्ष केलं की होतं.’’

संध्याकाळी शेजारच्या वहिनी मुद्दाम डोकावल्या. ‘‘आमची स्वयंपाकघराची भिंत परवा बसली की हो. मंडळाकडून हिरवा तारासुद्धा आला.’’

‘‘अगबाई, इतक्यात?’’ घड्याळजींच्या बायकोने तोंडभर कौतुक केले आणि दार लागताच नवऱ्याकडे मोर्चा वळवला. ‘‘त्यांच्या ह्यांना साधी खुंटी ठोकता येत नाही, आणि तारा त्यांना. तुमच्या हाताचा गुणच नडला आपल्याला.’’

तिचेही खोटे नव्हते. इमारत झपाट्याने पुढे जात होती. खालच्या गृहस्थांच्या चौकटीला वाळवी लागली, तर त्यांनी दारावरच्या पाटीवर आपल्या नावाखाली ‘आणि सहनिवासी’ असे लिहून घेतले. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक एका सकाळी गुडघ्यापर्यंत घड्याळजींच्या छतातून खाली आले, ‘‘प्रगती आहे,’’ असे वरूनच म्हणाले आणि पाय काढून घेऊन निघून गेले.

घड्याळजींनी प्रामाणिकपणे दुर्लक्ष करून पाहिले. बायकोने भिंतीच्या पायाशी धुण्याचे पाणी ओतले. भिंत हलली नाही. शेवटी ते मंडळाच्या कार्यालयात गेले. कार्यालयाची इमारत काँक्रीटची होती, साहेबांची खोली काचेची.

‘‘साहेब, आईपुरती सवलत मिळेल का? तेवढी एक भिंत?’’

‘‘आई नैसर्गिक आहे?’’

‘‘हो, अगदीच.’’

‘‘मग प्रश्न कुठे येतो? निसर्गाला निसर्ग बाधत नाही.’’

घड्याळजींनी खोलीभर नजर फिरवली. ‘‘इथं नाही का लावली माती?’’

साहेबांना प्रश्न बालिश वाटला, पण त्यांनी सांभाळून घेतले. ‘‘इथं महत्त्वाची कागदपत्रं असतात. ओल चालत नाही.’’

घरी आल्यावर घड्याळजी भिंतीसमोर बसले. ताबा गेला तर आईला घेऊन जायला दुसरी जागा नव्हती. कुठली खीळ काढली की यंत्र थांबते, हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांनी स्वतःच लिंपलेला चिखल अंगठ्याने खरवडला, आतली एक बांबूची कामटी शोधली आणि तिचा बंध सोडला.

म्हातारी खाटेवरून बघत होती. ‘‘अरे, माझी उशी तरी आधी उचल.’’

पुढच्या सरीत भिंत बसली. निरीक्षकबाई आल्या, त्या भगदाडापुढे हात जोडून क्षणभर उभ्या राहिल्या. घर वाचले. नुसते वाचले नाही, ‘आदर्श निवास’ ठरले. सन्मानचिन्ह मोठे होते. ते टांगण्याजोगी भिंत न उरल्यामुळे म्हातारीच्या पायथ्याशी ठेवण्यात आले.

आता दर रविवारी शहरातले जाणते लोक घर पाहायला येतात. तुम्हीही आला होतात. भगदाडाशी उभे राहून तुम्ही ‘‘किती मोकळं वाटतं,’’ म्हणालात. ‘‘माणसानं असंच राहायला हवं,’’ असेही म्हणालात. पाऊस भुरभुरत होता. म्हातारी खाटेवर छत्री उघडून बसली होती आणि खोकत होती. तुम्ही मोबाइल काढलात, मान तिरकी करून अंदाज घेतलात, आणि मग अगदी आदराने तिला म्हणालात, ‘‘आजी, ती छत्री जरा बाजूला घेता? प्लॅस्टिकची आहे ना.’’