टोकाला सूट

आमच्या शुक्रवार पेठेत कुठंही काही खडखडलं, की सिद्रामआप्पा लाकडी मुठीचा पेचकस घेऊन हजर. टोक यंत्राला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. रसवाल्याचा चरक, शिंप्याचं मशीन, पोरांच्या सायकली, त्यांनी काही सोडलं नाही. एकदा आमचे मामा दुपारी घोरत होते, तर आप्पांनी पलंगाच्या पायाला पेचकस लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "टोक लागतंय."

गिअर कापायचा त्यांचा छोटा कारखाना आमच्या भिंतीला लागूनच होता. मी सापडलो, की माझी शिकवणी सुरू. "भार आला की दात वाकतो बघा, मास्तर. दिसत न्हाय, पण वाकतो. मग पुढचा दात वेळेआधी येऊन आदळतो. म्हणून टोक केसभर घासायचं, टोकाला सूट द्यायची. लई दिली तरी खडखडतंच." सासूसुनांच्या भांडणातही त्यांचा निवाडा हाच, "टोकाला सूट द्या की."

आणि या गृहस्थांचा स्वतःचा लोखंड कातायचा लेथ मात्र अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त बोंबलायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मोठा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या वर्षी माझा संयम संपला. रेडिओवरच्या बातम्या ऐकू येईनात, वह्या तपासता येईनात. मी चिडूनच सांगितलं. आप्पा ओशाळले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेथच्या मोठ्या गिअरचा एकेक दात कानशीनं टोकाला उतरवला. लेथ मुकाट फिरू लागला.

थोड्याच वेळात कारखान्याच्या वरच्या खोलीतून आप्पांच्या पत्नी, पार्वतीकाकू, धावत खाली आल्या. एका जुन्या आजारपणात त्यांचे कान पार गेले होते. वरच्या फळ्यांवर पाय टेकले, की लेथची थरथर त्यांना कळायची. ती थांबली म्हणजे आप्पांना काहीतरी झालं, एवढंच त्यांच्या मनात आलं. आप्पा तर धडधाकट उभे. काकू त्यांचा हात धरून रडल्या. बायको एवढी वर्षं आपल्या लेथला पाय लावून बसते, हे आप्पांनाही ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दोन दिवस कारखाना बंद होता. आप्पांनी नवा गिअर कापून बसवला. लेथ सुरू झाला, तसा मी कान देऊन ऐकलं. खडखड नव्हती, फक्त प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ठोका.

मी जाऊन म्हणालो, "आप्पा, एका दाताला सूट द्यायची राहिली."

त्यांनी मान वर केली नाही. "राहिली न्हाय, मास्तर. तेवढा एक तिचा हाय. वर पोचतो तिला."

मी घरी आलो आणि रेडिओ जरा बारीक केला.