सलीमचाचांचे सहा देश

जव्हारात गेटची बिजागरी जोडायला सलीमचाचांकडे गेलात, तर आधी युरोप ऐकावा लागतो. फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांची गावं जाळून दमले, मग आणखी चार देश सोबत घेऊन दोघं एका टेबलाशी बसले आणि अणूचं काम मिळून करायचं ठरवलं. गिऱ्हाईक घाईत असेल तर चाचा बेल्जियम गाळतात, बाकी काही सोडत नाहीत.

तरुणपणी त्यांनी किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रात वेल्डिंग केलं. ही युरोपची कथा त्यांना तिथल्याच एका साहेबानं सांगितलेली. "आपल्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघायचा, बाई. एकपण फेल नाय!" हे सांगताना चाचांची मान इतकी ताठ होते की टोपी मागे सरकते.

मी जामसरकडच्या शाळेत शिकवते. यंदा तिथल्या दोन पाड्यांत पाण्यावरून जुंपली आणि रागाच्या भरात कुणीतरी पाइपच तोडला. दोन्हीकडच्या बाया पुन्हा हंडे घेऊन दरीत उतरू लागल्या, मुली शाळेत येईनाशा झाल्या. मी चाचांना स्कूटरवर बसवून नेलं.

दोन्ही पाडे जमले, समोरासमोर. चाचांनी वेल्डिंगचं मशीन लावलं आणि लगेच बंद केलं. "दोन्ही पाड्यांचा एकेक माणूस पाइपचं टोक धरेल, तरच जोडणार."

कुणी हललं नाही. मग अर्थातच युरोप सुरू झाला. मी कपाळाला हात लावला.

एका म्हातारीनं मात्र नीट ऐकून विचारलं, "मंग ते आता भांडत नाय का?"

"भांडतात ना, आजी! एक म्हणतो अणूची वीज पायजे, दुसऱ्यानं भट्ट्याच बंद केल्या. पण अणूचा हिशेब बघायला सगळ्यांनी मिळून नेमलेला तपासणीस आला, तर त्याला दार कुणी लावत नाय. भांडण चालू, दारपण उघडं."

म्हातारीनं मुलाला ढकललं. "जा. धर." समोरून एक जण पुढे आला. ठिणग्या उडाल्या, दोघांनी तोंडं फिरवली, पण हात सोडले नाहीत. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा असा माणूस आमच्या गावचा आहे म्हणून माझा ऊर भरून आला.

परत येताना चढावर मी म्हटलं, "चाचा, आज कमाल केलीत."

"कसली कमाल? माझा भाऊ भिवंडीत राहतो. दुकानाच्या वाटणीवरून अकरा वर्षं आम्ही बोललो नाय. लोकांना शिकवतो मी."

मी त्यांना दुकानाशी उतरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बघितलं, तर दुकान बंद. चाची दारात उभ्या होत्या. "सकाळच्या एसटीनं भिवंडीला गेले. भावाला फोनपण नाय केला. दारातनं हाकललं तर?" त्या सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी थेट त्यांच्याकडेच गेले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चाचींनी तो कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि हसत, डोळे पुसत माझ्या हातात दिला.

पलीकडे दोन म्हातारे एकाच वेळी बोलत होते. दोघंही एकमेकांना बोलू देत नव्हते.