गल्लीतला टुरिस्ट

आमच्या शेजारचे कासीमभाई ह्याच शहरात जन्मले, इथंच म्हातारे झाले. पर कुणी इचारलं की छाती काढून म्हणतात, "मैं तो टुरिस्ट हूँ!" डोक्याला रुंद काठाची गोल टोपी, डोळ्याला काळा चष्मा अन् हातात हंडा. हंडा घेऊन फिरणारा टुरिस्ट म्या तरी दुसरा पाह्यला नाय.

त्याचं असं झालं. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. अन् जुन्या दरवाज्यापुढं पाहुण्यांसाठी कारंजं केलं, त्याला रोज सकाळी टँकर. मी पाचोडकडची, जल्मभर डोक्यावर पाणीच वाह्यलं. मालक गेले तर तिसऱ्या दिवशी हंडा उचलला. रडत बसले असते तर पाणी कोण आणणार? पर औंदा खांदा निखळला, हात वर जाईना.

"कौसाबहन," भाई म्हणले, "इथल्या माणसाला पाणी नाय, पाहुण्याला हाय. आजपासून आपण पाहुणे."

निघाले की टँकरकडं! मागं आम्ही साऱ्या बाया. राखणदार वरडला, "चाचा, हे टुरिस्ट लोकांच्या कारंज्याचं पाणी हाय!"

"मंग मी कोण? टोपी दिसत नाय?"

"कुठून आले?"

"लई दुरून. मागच्या गल्लीतून. घुटनों के हिसाब से बहुत दूर है."

राखणदारालाच हसू फुटलं. त्यानं पाईप आमच्याकडं वळवला.

मंग रोजचंच झालं ते. पाहुणे फोटो काढायला लागले की भाई हंडा पुढं करून ऐटीत उभे.

एक दिवस महापालिकेचे मोठे साहेब आले. म्हणले, "शहराची शोभा घालवायलेत तुम्ही. पाहुणे आले तर इथल्याच लोकांचं पोट भरतं."

"भरू द्या की," भाई म्हणले. "आम्ही बी त्यांना चहा पाजू. पर साब, चहाला पाणी लागतं ना?"

म्या चांगल्या हातानं माझी कळशी साहेबापुढं उलटी केली. थेंब पडला नाय.

आठवड्यात कारंजं बंद झालं. टँकर रोज गल्लीतच यायला लागला. साऱ्यांचे ड्रम भरले.

दुसऱ्या सकाळी भाई टोपी घालून माझ्या दारात. "चलो, कौसाबहन."

"आता कुठं? पाणी दारात आलं की."

"हां... भूल गया मैं."

टोपी काढून हातात फिरवत उभे राह्यले. भाभी जाऊन लई वर्सं झाली, पोरी सासरी. त्या घरात दिवसभर बोलायला कुणी नाय, हे माझ्या ध्यानात तवा आलं.

"थांबा, चप्पल घालते."

कारंजं कोरडं ठण्ण. आम्ही कट्ट्यावर बसलो. ते भाभीच्या हातच्या खिचड्याचं सांगायला लागले. तिखट किती, तूप किती, कुणाला आधी वाढायचा. तेवढ्यात गल्लीकडून टँकरचा भोंगा वाजला.

मी उठले नाय. म्हणलं, "मंग पुढं?"